झाकून ठेवलेले लंगोट

धाकटी त्या दुपारी नेहमीसारखीच डबा घेऊन निघाली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात घड्या घातलेल्या लंगोटांची पिशवी. काम साधंच होतं. डबा ताईला द्यायचा, तिला घरी झोपायला पिटाळायचं आणि संध्याकाळपर्यंत चिंगीजवळ बसायचं. घरातले सगळे असे पाळीपाळीने थकत होते. ‘कशी आहेस’ असं कोणी कोणाला विचारत नव्हतं. विचारायचं काय, तोंडं दिसतच होती की.

चिंगी ही ताईची मुलगी. नाव ठेवायला अजून कोणाला सवड झाली नव्हती, म्हणून आपली चिंगी. जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत होती. पुढे डोळे पिवळे दिसायला लागले. नव्या बाळांना कावीळ होतेच, कोवळ्या उन्हात धरा, जाईल, असं ज्याने त्याने सांगितलं. ताईने धरलं. पण पिवळेपणा काही हटेना. शेवटी कोणीतरी ह्या इस्पितळाचा पत्ता दिला. इथल्या मोठ्या डॉक्टरांनी बाळाला हात लावायच्या आधीच विचारलं, ‘‘शीचा रंग कसा असतो हिच्या?’’

दोघी बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. शी ती शी, तिचा रंग कोण बघत बसतं? मग तिथेच टेबलावर लंगोट सोडून बघितला, तर आत भिंतीला लावायच्या ओल्या पुट्टीसारखी, पांढुरकी शी. आणि लघवीचा डाग मात्र कोऱ्या चहासारखा गडद.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पित्त यकृतात तयार होतं आणि एका बारीक नळीने आतड्यात उतरतं. शी पिवळी होते ती त्या पित्ताने. हिची नळी बहुधा बंद आहे. बंद असेल तर पित्त आतल्या आत साचत राहणार आणि यकृत कडक होत जाणार. औषधाने ती नळी उघडत नाही. पोट उघडायचं, निकामी नळी काढायची आणि आतडंच वर नेऊन यकृताला जोडायचं.

‘‘दोन महिन्यांच्या आत केलं तर चांगला भरवसा असतो,’’ ते म्हणाले. ‘‘पुढे जितका उशीर, तितकं कठीण.’’

चिंगीचे दोन महिने भरत आले होते.

‘‘आणि बंद नसली तर?’’ ताईने विचारलं.

‘‘तर सुरी लावायचं कारणच नाही. म्हणून आधी खात्री करायची.’’

उपाशीपोटी सोनोग्राफी झाली. पित्ताची पिशवी दिसली, पण एवढीशी, चुरगळलेली. तिच्यावरून ठाम काही सांगता येईना. पुढे इंजेक्शन देऊन ते औषध आतड्यात उतरतं का, हे एका मोठ्या यंत्राखाली बघायचं होतं. त्या यंत्राची पाळी लागायची होती. आणि तोवर ह्या वॉर्डाचा स्वतःचा एक नियम होता. बाळाचा लंगोट धुवायचा नाही, टाकायचा नाही. घडी घालून खाटेच्या नंबराच्या ट्रेमध्ये ठेवायचा, वरून काळं फडकं झाकायचं, आणि ट्रे कोपऱ्यातल्या धुण्याच्या खोलीत. उजेडाने रंग उडतो म्हणून फडकं. सकाळी मोठे डॉक्टर स्वतः एकेक लंगोट खिडकीशी नेऊन बघत. पिवळी शी दिसत राहिली की नळी उघडी आहे असं समजायचं.

आता धाकटीबद्दलही सांगायला हवं. ती चांगली कॉलेज शिकलेली, पण दाराची कडी वाजली तरी छातीवर हात ठेवणारी. ताई तिला लहानपणापासून भागूबाई म्हणायची. वॉर्डात तर ‘मावशी!’ अशी हाक आली की ही दचकून उठायची, आणि हाक असायची झाडणाऱ्या मावशींना. बायका हसायच्या. तिथे हसायला दुसरं होतंच काय.

त्या दुपारी ती आत शिरली, तर ताई हसत होती. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि हसत होती.

‘‘पिवळी!’’ ताई म्हणाली. ‘‘सकाळी ट्रेमधल्या दोन पिवळ्या निघाल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, थांबू या. यंत्राची पाळी त्यांनी दुसऱ्या बाळाला देऊन टाकली.’’

‘‘अगं, पण काल दुपारी मी बदलले ते...’’

‘‘काय ते?’’

‘‘पांढरे होते, ताई.’’

ताईचं हसू जागच्या जागी वाळलं. ‘‘तू म्हणजे ना... चांगलं काही झालं तरी घाबरतेस. दे तो डबा इकडे.’’

ताई घरी गेली. दुपार चढली. इस्पितळात रात्रीपेक्षा दुपार वाईट असते. रात्री निदान दिवे असतात, कोणी ना कोणी जागं असतं. दुपारी जेवणं झाली की सगळा वॉर्ड बसल्या जागी पेंगतो. पंखे घरघरतात, बाळं रडून दमलेली असतात, आणि लांबच लांब खाटांवर पांढरं ऊन निपचित पडून राहतं.

चिंगी कुरकुरली. धाकटीने लंगोट सोडला. पुट्टी. तीच पांढुरकी पुट्टी. तिने तो पंख्याखालून उजेडात नेला, तिरका धरून बघितला, नाकाशीही नेला. रंगाचा मागमूस नव्हता. ती तशीच सिस्टरांकडे गेली. सिस्टर एका बाळाची शीर शोधत होत्या.

‘‘सिस्टर, हे बघता का जरा?’’

‘‘ट्रेमध्ये ठेवा,’’ सिस्टर मान वर न करता म्हणाल्या. ‘‘रंग बघायचं काम मोठ्या डॉक्टरांचं. मला इथे नाक मुरडायलाही वेळ नाही.’’

धाकटीने लंगोट ट्रेमध्ये ठेवला, फडकं सारखं केलं आणि परत येऊन बसली. डोळे मिटायला लागले होते. कितीतरी वेळाने तिच्या कानावर आवाज आला. फट्... फट्... कोणीतरी कपडा आपटत होतं. मग पिळत होतं. ओला कपडा पिळताना चर्र असा जो आवाज येतो, तसा. आवाज धुण्याच्या खोलीतून येत होता.

तिला आधी काहीच वाटलं नाही. धुण्याच्या खोलीत कोणीतरी धूत असणार. मग आठवलं की तिथल्या नळाला पाणीच नसतं.

ती उठली. का उठली ते तिला पुढेही सांगता आलं नाही. एरवी ती दुसऱ्याला पाठवणारी. दार लोटलं. आत कोणी नव्हतं. मोरी कोरडी ठणठणीत. नळाच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणलेलं. पण खोलीभर साबणाचा वास होता, स्वस्तातल्या कपड्याच्या साबणाचा. आणि खिडकीच्या गजाला बांधलेल्या दोरीवर एक लंगोट वाळत घातलेला होता. स्वच्छ धुतलेला, ओला. त्याच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं.

कापड ओळखीचं होतं. घरच्या जुन्या चौकटीच्या चादरीचे लंगोट आईनेच फाडून शिवले होते.

धाकटीने दोन बोटांनी ट्रेवरचं फडकं उचललं. आत तिने ठेवला होता तिथेच एक लंगोट होता. त्याच चादरीचा. तशीच घडी. तिने घडी उलगडली.

पिवळी.

भिंतीला धरून धरून ती सिस्टरांच्या टेबलापर्यंत आली आणि खुर्ची न विचारता बसली.

‘‘सिस्टर, इथे... धुण्याच्या खोलीत कोण धुतं?’’

‘‘धुवायला बंदी आहे. पाटी लावलीय की.’’ सिस्टरांनी तिच्याकडे बघितलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. ‘‘तुम्हालाही आवाज आला?’’

धाकटीने नुसती मान हलवली.

सिस्टरांनी आवाज उतरवला. ‘‘मी इथे नवी होते तेव्हाची गोष्ट. असंच एक बाळ होतं. त्याची आई फार स्वच्छ. मळका कपडा घटकाभर राहू द्यायची नाही. सगळ्या तपासण्या बंद नळीकडे बोट दाखवत होत्या, आणि ही म्हणे, परवा पिवळी झाली होती, मी डोळ्यांनी बघितली. डॉक्टर म्हणाले, दाखवा. तर हिने तो धुऊन टाकलेला. कोणी विश्वास ठेवला नाही. ऑपरेशन केलं. नळी बारीक होती, पण उघडी होती. बाळाला ते सोसलं नाही.’’

‘‘आणि ती?’’

‘‘बाळामागोमाग गेली. शेवटपर्यंत एकच म्हणायची, मी धुऊन टाकला, मी धुऊन टाकला. लंगोट जपायचा नियम त्यानंतरचा.’’ सिस्टरांनी धुण्याच्या खोलीकडे बघितलं. ‘‘आवाज अधूनमधून येतो. धुते बिचारी. कोणाचं काही वाईट करत नाही.’’

वाईट करत नाही! ती चिंगीच्या खाटेशी धावली. चिंगी पिवळे डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती. पोट टम्म, त्यावर निळसर शिरांची जाळी. ती कालच्यापेक्षा ठळक दिसली, की धाकटीलाच तसं वाटलं, कोण जाणे.

संध्याकाळी ताई आली तेव्हा धाकटीने तिला जिन्यात गाठलं. आधी सगळं सांगायचं ठरवलं होतं. पण तोंडून फक्त एवढंच निघालं, ‘‘ताई, ते लंगोट चिंगीचे नाहीत. कोणीतरी बदलतंय.’’

‘‘कोण बदलेल? दुसऱ्याची शी चोरायला कोणी बसलंय का इथे?’’

‘‘मला माहीत नाही. पण हिची पांढरीच होते. मोठ्या डॉक्टरांना सांग, पुन्हा यंत्राची पाळी लावा म्हणावं.’’

‘‘म्हणजे कापा म्हणून सांगू?’’ ताईचा आवाज जिन्यात घुमला. ‘‘एवढीशी तर आहे ती, धाकटे! तिचं पोट फाडा म्हणून मी स्वतः जाऊन सांगू?’’

‘‘तू रात्री बदलतेस ना? तू काय बघतेस?’’

ताई कठड्याचा रंग नखाने खरवडत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, ‘‘मलाही पांढरीच दिसते. पण सकाळी ते पिवळी म्हणतात ना... मी म्हटलं, माझे डोळे झोपेने गेलेत. डॉक्टरांचे तर गेले नसतील.’’ आणि ती पायरीवरच मटकन बसली. तिला रडूही येईना, एवढी ती दमली होती.

धाकटी तिच्या शेजारी बसली. डॉक्टरांचे डोळे गेले नव्हते. त्यांना ट्रेमध्ये पिवळंच दिसत होतं. उद्या पुन्हा पिवळं दिसेल, परवाही दिसेल. आणि इकडे यकृत कडक होत जाईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिंगीने पाय आखडले तेव्हा धाकटी तयारच होती. लंगोट सोडला. पांढरी. तिने चिंगीला दुसरा बांधला, शेजारच्या खाटेवरच्या बाईला ‘‘जरा बघा हं हिच्याकडे’’ म्हटलं आणि तो लंगोट उघडाच, दोन्ही हातांवर धरून चालायला लागली. ट्रेमध्ये ठेवायचाच नाही. मोठे डॉक्टर ह्या वेळेला खाली बाह्यरुग्ण विभागात बसतात. सरळ त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा.

वॉर्डाबाहेर पडायची वाट धुण्याच्या खोलीवरून होती.

आधी साबणाचा वास आला. पंखे फिरत होते, पण त्यांचा आवाज कुठे लांब गेल्यासारखा झाला. सगळा वॉर्ड पेंगत होता. खोलीच्या दारात एक बाई उभी होती. तिने एक हात पुढे केला होता. त्या हाताची बोटं पांढरीफटक, सुरकुतलेली. दिवसभर पाण्यात राहिली की होतात तशी. धाकटीला चेहऱ्याकडे बघवलं नाही. ती त्या बोटांकडेच बघत राहिली.

‘‘द्या इकडे,’’ बाई म्हणाली. आवाज मायेचा होता. ‘‘मी धुते...’’

‘‘नको...’’

‘‘दुसरा ठेवते. पिवळा. नाहीतर... कापतील हो.’’

‘‘कापू देत.’’

‘‘माझ्या बाळाची पिवळी झाली होती... मी बघितली होती...’’

‘‘तुमच्या बाळाची झाली होती.’’ धाकटीने लंगोट मागे ओढला. ‘‘तुमचं खरं होतं. पण हिची... हिची पांढरीच आहे. नळी बंद आहे हिची. तुम्ही बदलत राहिलात तर ही जाईल. कोणी सुरी न लावताच जाईल...’’

हात तसाच पुढे राहिला. बोटांच्या टोकावरून थेंब सुटत होते आणि फरशी कोरडीच राहत होती.

‘‘सगळ्यांना पिवळीच हवी ना?’’ बाईने विचारलं.

‘‘हवी. पण तिची हवी... तिची स्वतःची.’’

बाईने हात मागे घेतला. धाकटी भिंतीला पाठ घासत तिच्यासमोरून सरकली आणि मग पळत सुटली. जिना, वळण, पुन्हा जिना. बाह्यरुग्ण विभागात रांग होती. दारावरचा शिपाई ‘‘ओ बाई, नंबर!’’ म्हणेपर्यंत ती आत होती. मोठ्या डॉक्टरांच्या समोरच्या कागदांवर तिने लंगोट ठेवला.

‘‘आत्ता बदलला,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या हातातून कुठे गेला नाही. उजेडात बघा.’’

डॉक्टर रागावले असते. त्यांचा हक्कच होता. पण तिच्या तोंडाकडे बघून ते उठले, लंगोट खिडकीशी नेला आणि बराच वेळ तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.

‘‘मग ट्रेमधले कोणाचे?’’

त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. फोन उचलला आणि यंत्रवाल्यांना म्हणाले, ‘‘एक बाळ आज मध्येच घ्यायचंय. पाळीबिळी मला सांगू नका.’’

यंत्राच्या चित्रात चिंगीचं यकृत दिव्यासारखं उजळलेलं दिसलं. खाली आतड्याच्या जागी अंधार. दुसऱ्या दिवशी पुन्हा चित्र घेतलं, तरी अंधारच. औषधाचा थेंबही उतरला नव्हता. चिंगीच्या वडिलांनी, भाऊजींनी, संमतीपत्रावर सही केली. ताई चिंगीला ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत उचलून घेऊन गेली आणि रिकाम्या हातांनी परत आली. ते हात कुठे ठेवावे हे तिला कळेना. दिवस तिघांनी बाकावर काढला. अखेर मोठे डॉक्टर टोपी काढत बाहेर आले.

‘‘नळी नव्हतीच. वाळका दोरा होता नुसता,’’ ते म्हणाले. ‘‘जोडलंय. आता वाट बघायची. पित्त उतरलं तर शी पिवळी होईल. नाही उतरलं... तर पुढचं यकृत बदलायचं बघावं लागेल, आणि ते इतक्या लहानपणी सोपं नाही.’’

चिंगीला वेगळ्या मजल्यावर ठेवलं. तिथे ट्रे नव्हते, धुण्याची खोली नव्हती. नाकात नळी, पोटावर पट्टी, अंगावर ब्लँकेट. नाकातली नळी निघाली, चमच्याचमच्याने दूध सुरू झालं. पहिली शी पांढुरकीच झाली. दुसरीही. ताईने काही विचारणं सोडून दिलं होतं. ती बसल्या बसल्या झोपायची आणि झोपेतच दचकून ‘‘झाली का?’’ म्हणायची.

धाकटी मात्र खाटेवरून नजर हलवत नव्हती. पाणी प्यायलाही उठत नव्हती. त्या दिवशी दुपारभर चिंगीचं अंग जरा कढत लागत होतं. ताई खुर्चीत मान टाकून झोपली होती. चिंगीने हुंकार दिला, पाय ताणले आणि शांत झाली. धाकटीने ब्लँकेट बाजूला केलं, गाठ सोडली.

पिवळी. हळदीसारखी, धमक पिवळी.

‘‘ताई!’’

ताई उठली, बघितलं आणि आधी हसली का आधी रडली ते तिचं तिलाच माहीत. भाऊजी व्हरांड्यातून धावत आले. सिस्टर आल्या. मोठे डॉक्टर आले, लंगोट तसाच खालून जरासा ओढून त्यांनी खिडकीच्या उजेडात निरखला आणि पहिल्यांदाच त्यांचे खांदे सैल पडलेले दिसले.

‘‘उतरलं पित्त,’’ ते म्हणाले. ‘‘ह्या मावशींचे आभार माना. तुमची ताई भागूबाई म्हणते ना तुम्हाला? चांगली भागूबाई आहे!’’

सगळे हसले. ताईने धाकटीच्या पाठीवर धपाटा घातला आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मग जो तो कोणाला ना कोणाला कळवायला पांगला. धाकटी एकटी उरली. तिने लंगोट गुंडाळायला चिंगीच्या अंगाखाली हात घातला.

हात तिथेच थांबला.

चिंगीचं अंग कढत होतं. ब्लँकेट उबदार होतं. लंगोट मात्र थंडगार होता, रात्रभर फरशीवर पडून राहिलेल्या कपड्यासारखा. तिने तो गालाला लावून बघितला. आतून, बाहेरून, काठापर्यंत थंड, आणि स्वस्तातल्या साबणाच्या वासाचा.

बाहेर व्हरांड्यात ताई फोनवर कोणाला तरी सांगत होती, ‘‘हो अगं, तिचीच! धाकटीने स्वतः लंगोट सोडला!’’

धाकटीने कोणाला हाक मारली नाही. तिने कोरडा लंगोट घेतला, चिंगीला बांधला आणि गाठ दोनदा ओढून बघितली. मग ब्लँकेट नीट खोचलं, लंगोटाखाली आपला तळवा सरकवला, आणि तो न हलवता, पुढची शी होईपर्यंत बसून राहिली.